द हाइव्ज : मिनिटाला ११४ रुपये

रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलचा बेल्ट तुटलाय. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, सुटा बेल्ट येत नाही, अख्खी असेंब्ली घ्या. त्याने जो आकडा सांगितला तेवढ्यात भोसरीत माप घ्यायचा चांगला व्हर्निअर येतो. त्यामुळे सध्या ऐकणं बंद आणि लिहिणं चालू.

द हाइव्ज हा स्वीडिश रॉक बँड काळे-पांढरे सूट का घालतो, हे सांगत बसत नाही. थेट मुद्द्यावर येतो. 'वेनी विडी व्हिशस', साल २०००, इम्पोर्टेड एलपी, ३,२०० रुपये. बारा गाणी, सगळी मिळून जेमतेम २८ मिनिटं. भागाकार करा. मिनिटाला ११४ रुपये! एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आरामात मावतात. इथे चौदाच्या आसपास खेळ खल्लास. चहा गाळून कपात ओतेपर्यंत सुई मधल्या कागदापाशी पोचलेली असते. उठा, तबकडी उलटा, परत बसा. बायको आतून विचारते, "झालं एवढ्यात?" तिला काय उत्तर देणार?

घेतली का, तर बँडच्या गावामुळे. फागेर्स्ता हे नाव मला गाण्यांमुळे नाही, इन्सर्टमुळे, म्हणजे धातू कापायच्या हत्यारावर बसवतात त्या कार्बाइडच्या टोकांमुळे माहीत. ती बनवणाऱ्या सेको टूल्सचं मुख्यालय तिथं आहे आणि आपल्याकडचा त्यांचा कारखाना कोरेगाव भीमाला. सीएनसी मशीनवर काम केलेल्या निम्म्या पुण्याने त्या गावाचं कार्बाइड हाताळलंय, गाव मात्र कुणी पाहिलेलं नाही. पोलादाच्या कारखान्याभोवती वाढलेलं, फार तर बारा-तेरा हजार वस्तीचं ठिकाण. तिथल्या पाच पोरांनी १९९३ मध्ये हा बँड काढला. गाणारा पेले आल्मक्विस्ट आणि गिटारवाला निकोलाउस आर्सन हे सख्खे भाऊ, आडनावं वेगळी दिसली तरी. स्टेजसाठी सगळ्यांनीच नावं बदलून घेतलीत. ड्रमवाल्याचं नाव ख्रिस डेंजरस!

आणि गाण्यांची नावं बघा : 'इंट्रोड्यूस द मेट्रिक सिस्टिम इन टाइम', 'इन्स्पेक्शन वाइज १९९९', 'सप्लाय अँड डिमांड'. क्वालिटी विभागात केस पांढरे झालेल्या माणसाने मागची बाजू वाचून ही एलपी परत रॅकवर ठेवणं शक्यच नव्हतं.

ऐकायला कशी आहे? जोरदार. दोन गिटार आहेत, पण सोलो वगैरे भानगड नाही. दोन्ही मिळून ठोकतात आणि ठरल्या जागी एकदम थांबतात. त्या थांबण्यातच सगळी मजा आहे. 'हेट टू से आय टोल्ड यू सो' मध्ये मधेच बाकीचे हात आखडते घेतात आणि एकटा बास घरघरत पुढे येतो. तेवढ्यासाठी मी सुई अनेकदा मागे नेली आहे. 'फाइंड अनदर गर्ल' हे जेरी बटलरचं जुनं गाणं, ते जरा दमाने घेतलंय. बाकी उसंत नाही.

तरीपण मिनिटाला ११४. हे डोक्यातून जाईना.

अपडेट, गणपतीनंतर : 'द ब्लॅक अँड व्हाइट अल्बम' (२००७) मिळाला. त्याच भावात चौदा गाणी आणि पाऊण तास. म्हणजे मिनिटाला ७१. म्हटलं, चला, या वेळी तरी पैसे वसूल. पहिलंच 'टिक टिक बूम' वाजलं आणि मी खूश. पुढे मात्र काय झालं कळेना. वेगवेगळे निर्माते बसवलेत, एक-दोन गाण्यांना तर थेट हिपहॉपवाला फॅरेल विल्यम्स. मधे एक विनाशब्दांचा तुकडा आहे, ऑर्गन वाजतोय, आपण घड्याळ बघतोय. ही एलपी उलटायला लगेच उठावं लागत नाही म्हणून खुश होतो, पण हळूहळू बाजू उलटायचीच राहायला लागली.

तेव्हा हिशेब नव्याने मांडला. एकूण मिनिटांनी भागायचं नाही, मन लावून ऐकलेल्या मिनिटांनी भागायचं. २००७ वाल्यात रिजेक्शन इतकं आहे की दर दीडशेच्या वर जातो. 'वेनी विडी' मध्ये रिजेक्शन शून्य, दर ११४ वर कायम. २००४ ची 'टायरॅनोसॉरस हाइव्ज' अर्ध्या तासाची आहे आणि तीही अशीच घट्ट. 'वॉक इडियट वॉक' त्यातलंच. या दोन्हींचा निर्माता पेले गुनरफेल्ट, हा योगायोग वाटत नाही.

२००१ चा 'युअर न्यू फेव्हरेट बँड' घेऊ नका. अॅलन मॅगीच्या पॉपटोन्स या रेकॉर्ड कंपनीने ब्रिटनसाठी जुन्या गाण्यांचा हा गठ्ठा बांधला. तिकडे तो सातव्या क्रमांकापर्यंत गेला आणि बँडचं नशीब उघडलं, हे खरं. पण मूळ एलपी घरात असताना तीच गाणी पुन्हा विकत घ्यायला आपण काय सावकार आहोत?

आता विक्रीपश्चात सेवेबद्दल. २०१२ मध्ये 'लेक्स हाइव्ज' स्वतःच्याच लेबलवर काढली आणि नंतर अकरा वर्षं नवीन अल्बम नाही. अकरा! मधे २०१३ मध्ये बासवाला डॉक्टर मॅट डिस्ट्रक्शन गेला, त्याच्या जागी 'द जोहान अँड ओन्ली' आला. त्याच वर्षी लुंडच्या कोर्टाने हाइव्जना सांगितलं की कार्डिगन्स या दुसऱ्या स्वीडिश बँडला सुमारे १ कोटी ८५ लाख क्रोनर द्या. दोन्ही बँडचा पैसा माल्मोच्या एकाच स्टुडिओकडच्या हिशेबातून फिरत होता, त्यावरून वाद. हे वाचून माझा राग निम्मा उतरला. आपली वही दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, ते छोट्या कारखानदाराला विचारा.

बेल्टचं सांगायचं राहिलं. तपकीर गल्लीतल्या एकाने दीडशे रुपयांत बसवून दिला. छोट्या बाजूंमुळे मोटर सारखी चालू-बंद होऊन बेल्ट गेला, ही माझी थिअरी त्याने हसण्यावारी नेली. रबर आहे काका, जुनं झालं की जाणारच, म्हणाला. मला अजून पूर्ण पटलेलं नाही.

रँडी फिट्झसिमन्सबद्दल बोलायलाच हवं. बँडच्या म्हणण्यानुसार गाणी याने लिहिली, बँड याने जमवला, पण याला कुणी पाहिलेलं नाही. 'एनएमई' या ब्रिटिश संगीत मासिकाने शोध घेतला तर ते नाव निकोलाउसच्याच नावावर नोंदलेलं टोपणनाव निघालं. तरी हे लोक ठामपणे नाही म्हणतात. २०२३ मध्ये त्याला मारला आणि त्याच्या थडग्यात नव्या गाण्यांच्या टेपा व सूट सापडले अशी कथा रचून 'द डेथ ऑफ रँडी फिट्झसिमन्स' काढली. विनोद इतका ताणायचा? माझ्या मते २००४ मध्येच आवरायला हवा होता. पण एलपी ३१ मिनिटांची, आणि 'बोगस ऑपरँडी' ची सुरुवात ऐकून तक्रार गिळावी लागते. पुढची तर दोनच वर्षांत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली. डिलिव्हरी सुधारली म्हणायची.

घ्यायच्या असतील तर आधी २०००, मग २००४, मग २०२३. १९९७ ची 'बेअरली लीगल' कान तयार झाल्यावर, कारण तो नुसता दंगा आहे. २००७ वाली माझ्याकडची देऊन टाकायची आहे, कव्हर स्वच्छ, एकही ओरखडा नाही. बदल्यात 'लेक्स हाइव्ज' चालेल. पुण्यातल्या पुण्यात बघा, कुरिअरचा खर्च मी देणार नाही.