710 चा शिक्का दाखवला, घरात भरला भुसा

बडोद्यात भायलीला नवा फ्लॅट घेतला तेव्हा आमची एकच अट होती, स्वयंपाकघरातलं लाकूडकाम पाण्याला टिकणारं हवं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या समा भागातल्या तळमजल्यावर शिरलं आणि ओट्याखालची कपाटं अशी फुगली की दारं लागेनात. सासूबाईंनी चिखलातून एकेक डबा वेचून काढला होता. ते विसरणं शक्यच नव्हतं.

मॉड्युलर किचन करून देणारा भेटला तो अतिशय गोड बोलणारा. "बेन, तमे चिंता न करो," हे दर दोन वाक्यांनी. त्याने लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं. सासूबाईंच्या उंचीला बेतलेला ओटा, वरच्या कपाटांखाली मंद पिवळसर लाइट, मसाल्यांची ट्रॉली गॅसच्या उजव्या हाताला. मग प्लायचा एक तुकडा हातात ठेवला. 18 मिमी जाडी, त्यावर आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का. हे प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी थर सुटत नाहीत, हेही त्यानेच सांगितलं, आणि ते खरं आहे. 710 ची चाचणी तशीच असते. कोटेशन 4 लाख 20 हजारांचं. निम्मे आगाऊ, 40 टक्के माल आल्यावर, उरलेले 10 टक्के काम संपल्यावर.

माल आला तो टेम्पोतून, तयार पेट्यांच्या रूपात. दोन्ही बाजूंनी सनमायका, कडांना पट्टी, आतलं काहीही दिसत नव्हतं. टेम्पो खाली उभा करून त्याने आधी पैसे मागितले. आम्ही दिले. म्हणजे 3 लाख 78 हजार त्याच्या हातात गेले, आणि पेटी कशाची आहे हे आम्ही पाहिलंच नव्हतं.

चार महिन्यांनी सिंकखालचा पाइप थोडा गळला. पूर नव्हे, थेंब थेंब. आठवड्याभरात बाजूची फळी फुगली आणि दाराची बिजागरी स्क्रूसकट हातात आली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी स्क्रूच्या भोकात बोट घातलं आणि माझ्या तळहातावर भुसा ओतला. बोलले काहीच नाहीत. मग आतल्या फळीची एक पट्टी कापली आणि मला म्हणाले, पातेल्यात पाणी उकळत ठेवा. त्यात ती पट्टी टाकली आणि त्याने दिलेला नमुन्याचा तुकडाही टाकला, तो घरातच पडलेला होता. दहा मिनिटांत पट्टी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुलून सुटली. नमुना दोन तासांनीही जसाच्या तसा. म्हणजे नमुना अस्सल होता, घरात बसवलेलं होतं पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेली फळी. ते बोर्ड मुळात वाईट नाही, कोरड्या खोलीतल्या कपाटाला चालतं. सिंकखाली चालत नाही, आणि 710 च्या भावाने तर मुळीच नाही.

लाइटचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तिथे जिवाशी खेळ होता. चित्रात होता तसा पिवळसर उजेड नाहीच, पांढरा फटक. लाइटची पट्टी नुसती डिंकाने चिकटवलेली, तीही कपाटाच्या मागच्या कडेला, त्यामुळे भिंत उजळायची आणि विळीवर माझीच सावली पडायची, कारण छतावरचा दिवा पाठीमागे. पट्टीला वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, गॅसच्या वरच्या कपाटात कोंबलेला. ओव्हनचा 16 अँपिअरचा सॉकेट तर मिक्सरच्या पॉइंटवरून ओढलेला, तोही दिव्याला वापरतात त्या दीड चौरस मिमीच्या वायरने. ओव्हन लावला की सॉकेट कोमट व्हायचा. आम्हाला वाटायचं, नवीन आहे, होत असेल. इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिलं तर वायरचं आवरण काळवंडलेलं. आता स्वतंत्र चार चौरस मिमीची वायर थेट मेन बोर्डापासून घेतली आहे. ओव्हन, गीझरसाठी वेगळी वायर टाकलीय का, हे भिंतीला प्लास्टर होण्याआधीच डोळ्यांनी बघा, फोटो काढून ठेवा.

किचनवाल्याला फोन केला तर "बिल दाखवा" म्हणाला. बिल नव्हतंच. "बिल न घेतलं तर 18 टक्के जीएसटी वाचेल," असं त्यानेच सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं होतं. ती चूक फार महागात पडली. वाचलं इतकंच की पैसे यूपीआयने दिले होते आणि व्हॉट्सअॅपवरच्या कोटेशनमध्ये 710 हा आकडा त्याच्याच हाताने लिहिलेला होता. त्या बळावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला होता, तिथे नीट सांगतात.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका वहिनींचं किचन सध्या चालू आहे, कारागीर दुसरा. मी त्यांच्याबरोबर मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात गेले. सनमायका चिकटवण्याआधीच्या उघड्या शीटवरचा शिक्का आम्ही दोघींनी वाचला. पेट्या घरी आल्यावर पैसे देण्याआधी दाराच्या बिजागरीची वाटी काढायला लावली, सिंकच्या पेटीतल्या पाइपाच्या भोकावरचं सिलिकॉन खरवडलं. कारागीर थोडा रागावला. दोन्हीकडे आत प्लायचे थर दिसले, आडवे, स्वच्छ. मग वहिनींनी फोन काढला आणि पैसे पाठवले.