पायरिया असताना तारा बसवल्या: इंदूरमधला माझा अनुभव

चाळिशीनंतर दातांना तारा, त्याही पायरिया (हिरड्यांचा आजार) असताना, बसवता येतात का? येतात. माझ्या बसल्यात, बरेच महिने झालेत आणि मी समाधानी आहे. पण आधी हिरड्या बऱ्या करायच्या आणि मगच तारा, हा क्रम जो डॉक्टर पाळतो त्याच्याकडेच जा.

माझ्या वरच्या पुढच्या दातांत फट पडत चालली होती. तरुणपणी ती नव्हती. हिरड्यांच्या आजारात दाताभोवतीचं हाड झिजतं आणि मग जिभेच्या, ओठांच्या रोजच्या दाबानेही पुढचे दात पंख्यासारखे पसरत जातात. मी आधी ज्या दवाखान्यात गेले, तिथे हिरड्यांकडे न बघताच तारांसाठी माप घ्यायची तयारी सुरू झाली. मी उठून आले. सूज असताना दात ओढले तर उरलेलं हाडही झपाट्याने जाऊ शकतं.

दुसरीकडे हिरड्यांच्या डॉक्टरांनी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी बारीक सळईने दात आणि हिरडी यांच्यामधली खोली मोजली. १ ते ३ मिमी ठीक, ४ किंवा जास्त असेल तर आजाराची शंका. माझ्या दाढांजवळ ६ निघाली. एक्स-रे झाले, साखरही तपासली, कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर भरून येत नाहीत. मग भूल देऊन हिरडीखालचं, मुळांवरचं किटण काढलं. सूज उतरल्यावर दात लांब दिसू लागले, गार पाण्याने ठणका लागायचा. ठणका हळूहळू गेला, लांबी राहिली. काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी झाली, रक्त येणं थांबलंय याची खात्री झाली, तेव्हा कुठे तारा आल्या.

तारांतही फरक असतो. माझ्या दाढांना कडी न घालता छोट्या नळ्या चिकटवल्या, कारण कडीच्या काठाशी हिरडीजवळ घाण साचते. तार धरून ठेवायला रबराऐवजी बारीक स्टीलची तार वापरली, तीही याच कारणासाठी. जोर अगदी हलका ठेवतात. हाड कमी असलं की नेहमीचा जोरही दाताला जास्त होतो, तो सरकण्याऐवजी कलतो. म्हणून वेळ लागतो, आणि लागू द्यावा.

खरी मेहनत घरी आहे. रात्री साधा ब्रश झाल्यावर दातांच्या फटींत आणि तारेखाली इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. तो सगळ्या फटींना एकाच मापाचा चालत नाही. माझ्याकडे तीन मापं आहेत आणि कुठे कोणतं हे डॉक्टरांनी आरशात दाखवून दिलं. ब्रश फटीत हलका घासत जावा, रेटावा लागू नये. पाण्याच्या बारीक धारेने सफाई करणारा वॉटर फ्लॉसरही घेतला. अडकलेले कण त्याने छान निघतात, पण दातावरचा चिकट थर ब्रशनेच जातो, तेव्हा एकच घ्यायचं असेल तर ब्रश घ्या. क्लोरहेक्सिडिनने (जंतुनाशक औषधाने) चूळ सांगितलेल्या दिवसांपुरतीच भरा, जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात.

इंदुरात राहून खाण्याचं काय? पोहे खाते, वरची सेव अगदी थोडी. भुट्ट्याचा कीस मऊ म्हणून चालतो. गराडू या कंदाचे तळलेले कडक काप यंदाच्या थंडीत सोडले. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गेलेच तर घरी येऊन कितीही उशीर झाला तरी पूर्ण सफाई करते.

सासूबाईंनी सुरुवातीला विचारलं, "या वयात तारा कशाला गं?" दिसण्यासाठी हे आहेच. पण वाकड्या दातांच्या सांदीत ब्रश पोचत नव्हता, तो आता पोचतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

फट जवळपास मिटली आहे. मात्र पुढच्या दोन दातांमध्ये हिरडीशी छोटा काळा त्रिकोण दिसतो. तिथली गेलेली हिरडी तारांनी परत येत नाही, हे सुरू करण्याआधीच समजून घ्या. दातांच्या कडा किंचित घासून तो लहान करता येतो, आम्ही ते शेवटी ठरवणार आहोत.

खर्च विचारताना हिरड्यांच्या आणि तारांच्या, दोन्ही डॉक्टरांचा धरा. तारा असेपर्यंत दर तीन महिन्यांनी हिरड्यांची तपासणी आणि सफाई असते, ती सहसा तारांच्या पॅकेजमध्ये नसते. तारा निघाल्यावर दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवावी लागेल, नाहीतर हाड कमी असलेले दात पुन्हा सरकतात. तिचेही पैसे आधीच विचारून घ्या. खासगी खर्च झेपत नसेल तर आपल्या इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा आणि तारांचा, दोन्ही विभाग आहेत. तिथे आधी हिरड्यांच्या विभागात दाखवा.