तेलंग की रानडे: मुंबई हायकोर्टाच्या खुर्चीपर्यंतच्या दोन वाटा

काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकिलीतून थेट हायकोर्टाच्या खुर्चीवर गेले. १८७२ पासून तिथेच वकिली, हिंदू कायद्यावर पकड, आणि १८८९ मध्ये, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, न्यायमूर्तिपद.

महादेव गोविंद रानड्यांची वाट सरकारी नोकरीची, म्हणजे बदल्यांची. १८७१ मध्ये पुण्यात सबजज्ज. पुढे इंग्रज सरकारला त्यांचा संशय आला आणि स्वारी नाशिकला, मग वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या काळात तिथून धुळ्याला. हायकोर्ट मिळालं १८९३ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तेही तेलंग गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर!

वेग बघाल तर वकिलीची वाट सरस. मला मात्र रानड्यांची जास्त भावते. खालच्या कोर्टातला पक्षकार त्यांनी वर्षानुवर्षं समोर बसून ऐकला होता.

सनातनीपणाचं म्हणाल, तर दोघेही सुधारक. पण घरात? पहिली पत्नी गेल्यावर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. तेलंगांनीही लहान वयातच मुलीचं लग्न लावून दिलं आणि त्यावरून टीका ओढवून घेतली. एवढ्यापुरते दोघे एकाच माळेचे मणी.