पॉडकास्ट: नुसता आवाज की व्हिडिओ?

नागपूरच्या धरमपेठेत राहणारी माझी मामेबहीण मेकअपच्या रील्स करते. आता तिला पॉडकास्ट काढायचाय, पण आवाजाचा की व्हिडिओचा, यावर महिनाभर अडून बसली आहे.

खर्चाचं सोपं आहे. आवाजाला साधा यूएसबी माइक आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. व्हिडिओला दिवे, दोन कोनांसाठी दोन फोन, बरी दिसणारी भिंत. रिंगलाइट तिच्याकडे आहेच.

खरी परीक्षा नागपूरचा उन्हाळा घेतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. कूलर चालू ठेवला तर घरघर माइकमध्ये येते, बंद करून दिव्यांसमोर तासभर बसलं तर फाउंडेशन टिकत नाही. आवाजाचा भाग मात्र पहाटे 5 वाजता, दारंखिडक्या लावून, रजया टांगलेल्या खोलीत रेकॉर्ड होतो; जाड कापड घुमणारा आवाज शोषतं. त्यात माइक डायनॅमिक प्रकारचा घ्यावा. तोंडाजवळ धरला की कंडेन्सर या दुसऱ्या प्रकारच्या माइकपेक्षा आजूबाजूचा गोंगाट कमी पकडतो. चुकलेलं वाक्य बेमालूम कापता येतं. व्हिडिओत तिथे चित्र उडी मारतं.

पण आयलायनर कसं ओढायचं, हे ऐकवून कळत नाही. उलट सावळ्या रंगावरून ऐकलेले टोमणे, नवरीच्या मेकअपचे दर ठरवताना होणारी घासाघीस, यावर बायका कॅमेऱ्याशिवायच मोकळ्या बोलतात. मला हेच जास्त मोलाचं वाटतं.

शेड आणि हाताची हालचाल दाखवायची असेल, सोबत एडिटिंग करणारं कुणी असेल, तर व्हिडिओ. एकटीने, नोकरी सांभाळून, गप्पांसाठी करायचं असेल तर आवाज. मामेबहिणीला मी आवाजच सांगितलाय.