डबीवर गोल्ड २००, आत सिनेमाचा रोल

संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी सोलापुरातल्या काही हौशी मंडळींनी एकाच विक्रेत्याकडून ऑनलाइन फिल्मचे रोल घेतले. त्यांतल्या एकाने रोलसोबत पेंटॅक्स के-१००० कॅमेराही घेतला. पैसे गेले आणि मालही आला, त्यामुळे ‘पैसे घेऊन गायब झाला’ अशी ही सरळ तक्रार नाही. जे सांगितलं ते आलं नाही, आणि ते कळेपर्यंत यात्रा होऊन गेली होती. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. पोलिसांकडे तक्रार गेली आहे आणि असा माणूस नाव बदलून पुन्हा येतोच. पद्धत मात्र तो सहसा बदलत नाही, म्हणून ती सविस्तर मांडतो.

त्याने आधी ओळख कमावली. फिल्मवरचे फोटो एकमेकांना दाखवणाऱ्या मंडळीत तो रोज एखादा फोटो टाकायचा. सिद्धेश्वर तलावावरची सकाळ, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, जुन्या गिरणीची चिमणी. खाली कॅमेरा, लेन्स, रोल, शटर, अ‍ॅपर्चर सगळं लिहिलेलं. नवख्यांच्या शंकांना उत्तरंही द्यायचा, आणि ती बरोबर असायची. मग एक दिवस ‘संग्रह कमी करतोय’ म्हणून यादी टाकली. बाजारात हजाराच्या पुढे गेलेला कोडॅक गोल्ड २०० हा रंगीत फोटोंचा रोल सहाशेला, तोही पाच रोल एकदम घेतले तर. खोका नाही, नुसती काळी प्लॅस्टिकची डबी. कारण काय, तर ‘फ्रिजमध्ये जागा कमी, म्हणून खोके फेकले’. फ्रिजचं नाव काढल्यामुळे माणूस जाणकार वाटला. पण फिल्मची मुदत खोक्यावर छापलेली असते. खोका गेला की मुदत गेली, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रोल नंदीध्वजांच्या मिरवणुकीत वापरले गेले. धुऊन आले तेव्हा भर उन्हातल्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या निळसर दिसत होत्या, चेहरे फिके आणि सावल्या निळ्या-हिरव्या. रात्रीच्या फोटोंत प्रत्येक दिव्याभोवती लाल वलय. एका लॅबने तर एक रोल धुवायलाच नकार दिला आणि तसाच परत पाठवला. ती लॅब हुशार निघाली. निळ्या छटेचा दोष स्कॅनिंगवर ढकलून भांडायला निघालेल्यांनी शेवटी निगेटिव्हची कड वाचली, तर तिथे गोल्डचा मागमूस नाही. आकडा होता ५२१९.

५२१९ म्हणजे कोडॅकची व्हिजन-३ ५००टी, सिनेमाच्या चित्रीकरणासाठीची निगेटिव्ह. फिल्म उत्तम आहे, प्रश्न तो नाहीच. ती टंगस्टन दिव्यांच्या पिवळसर, ३२०० केल्विन प्रकाशासाठी बांधलेली आहे, म्हणून फिल्टर न लावता उन्हात वापरली की निळी पडते. तिच्या पाठीला, निदान २०२५ आधीच्या मालात, रेमजेट नावाचा काळा कार्बनचा थर असतो. कॅमेऱ्यात फिल्म सरकताना ओरखडा आणि स्थिर वीज टाळणं, आणि तेजस्वी दिव्याचा प्रकाश मागून परतू न देणं, ही त्याची कामं. हा थर ईसीएन-२ या सिनेमाची फिल्म धुण्याच्या प्रक्रियेत आधी काढून टाकतात. फोटोची रंगीत फिल्म धुण्याची नेहमीची प्रक्रिया म्हणजे सी-४१, तिच्या यंत्रात तो काढायची सोयच नसते. थर सुटून रसायनात मिसळतो, काळे कण टाकीभर फिरतात आणि त्या दिवशी धुतल्या जाणाऱ्या दुसऱ्यांच्या रोलवरही बसतात. लॅबने नकार दिला तो यासाठी. चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपरही वेगळा: सी-४१ मध्ये सीडी-४, ईसीएन-२ मध्ये सीडी-३. त्यामुळे थर आधीच काढलेला रोल सी-४१ मध्ये टाकला तर चित्र येतं, पण कॉन्ट्रास्ट चढतो आणि सावल्यांना एक रंग, उजेडाला दुसरा, असं होतं. स्कॅनरवर कितीही झटलात तरी दोन्ही एकदम सरळ होत नाहीत. लाल वलयं म्हणजे थर काढल्याची खूण. प्रकाश फिल्म पार करून मागून परत येतो आणि लाल थर उजळतो.

यात पैसा कुठे सुटतो? सिनेमाची फिल्म ४०० फुटांच्या गुंडाळीत मिळते. ३६ फोटोंच्या रोलला साधारण १.६५ मीटर लागतात, म्हणजे एका गुंडाळीत सत्तरच्या आसपास रोल निघतात. लॅबमध्ये रिकाम्या डब्या ढिगाने पडलेल्या असतात. गोल्डची डबी, म्हणजे फिल्म जिच्यात गुंडाळलेली असते ती धातूची नळी, घ्यायची, बाहेर राहिलेल्या जुन्या फिल्मच्या शेपटीला नवी फिल्म चिकटपट्टीने जोडायची आणि अंधारात आत गुंडाळायची. असे रोल भरणं हा काही गुन्हा नव्हे. कितीतरी प्रामाणिक लोक ‘५००टी, ईसीएन-२ मध्येच धुवा’ असं डबीवर स्पष्ट लिहून विकतात, आणि घेणाराही कळून घेतो. इथे लबाडी लेबलात आहे.

रोल कॅमेऱ्यात घालण्याआधी दोन मिनिटांत हे ओळखता येतं, आणि बाहेर आलेलं चार बोटं टोक त्यासाठी पुरतं. सगळ्यात आधी छिद्रं बघा. फोटोच्या फिल्मची छिद्रं सरळ आयताकृती, कोपरे फक्त गोलसर. सिनेमाच्या निगेटिव्हच्या छिद्रांना वरची-खालची कड सरळ आणि दोन्ही बाजू फुगीर, पिंपासारख्या. शंका वाटली तर घरातल्या कुठल्याही जुन्या निगेटिव्हशेजारी धरा, फरक लगेच कळेल. मग पाठ बघा. फोटोच्या रंगीत फिल्मची पाठ गडद पण चकचकीत असते. रेमजेट असेल तर ती काळी आणि मॅट दिसते. वाटीभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यात कापूस भिजवा आणि टोकाच्या पाठीवर घासा. काळं सुटून कापसाला लागलं की संशय फिटला. काहीच सुटलं नाही तर निश्चिंत होऊ नका, विक्रेत्याने थर आधीच धुतलेला असू शकतो. म्हणून छिद्रांची खूण जास्त भरवशाची.

डबीही बोलते. कारखान्यातून आलेल्या रोलचं टोक एकसारख्या गोलाईने कापलेलं असतं, घरी भरलेल्याचं कात्रीने, थोडं वाकडं. शेवटच्या फ्रेमला फिल्म सरकवायचा लिव्हर जड लागला तर जोर लावू नका. आतल्या चिकटपट्टीचा जोड सुटला की फिल्म डबीत परत गुंडाळलीच जात नाही, आणि उन्हात पाठ उघडलीत तर पूर्ण रोल जळतो. अशा वेळी कॅमेरा तसाच बंद ठेवून पूर्ण अंधाऱ्या खोलीत किंवा चेंजिंग बॅगमध्येच, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीतच, उघडा.

मुदत संपलेल्या रोलचा प्रकार वेगळा. ताजा म्हणून विकलेला जुना रोल वेग गमावतो. दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या, असा ढोबळ हिशेब लोक करतात. तो साधारण खोलीच्या तापमानात ठेवलेल्या फिल्मचा हिशेब आहे. पोर्ट्रासारख्या फिल्मसाठी कोडॅक न वापरलेला रोल २१ अंशांच्या आत ठेवायला सांगते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दोन मे महिने पत्र्याच्या खोलीत काढलेल्या रोलला कुठलाच नियम लागू पडत नाही. धुतल्यावर निगेटिव्हची रिकामी कडसुद्धा धुरकट, गडद दिसते आणि फोटोत काळा रंग काळा न येता राखाडी-हिरवट, रवाळ येतो.

आता कॅमेरा. के-१००० हे १९७६ ते १९९७ पर्यंत निघालेलं साधं, दणकट यंत्र आहे, म्हणूनच त्याच्यावर विश्वास पटकन बसतो. विक्रेत्याने शटर चालतं हे दाखवायला व्हिडिओ पाठवला. त्यात डायल १/६० आणि १/१२५ वर होतं. खराब झालेल्या कापडी शटरचा दोष तिथे दिसत नाही, तो १/५०० आणि १/१००० वर उघडा पडतो. या वेगांवर दोन पडदे मधे अरुंद फट ठेवून एकामागून एक धावतात. वंगण सुकून पहिला पडदा मंदावला की दुसरा त्याला मधेच गाठतो, फट मिटते आणि फोटोचा एका बाजूचा पट्टा काळा येतो. सोलापूरच्या उन्हात ४०० च्या रोलला एफ-१६ वर १/५०० लागतो. अ‍ॅपर्चर जरा उघडलं की १/१०००. म्हणजे जिथे दोष आहे तिथेच आपलं रोजचं काम.

कॅमेरा हातात आला की रोल न घालता पाठ उघडा, लेन्स काढा, खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाकडे धरा आणि १/१००० वर दहा-बारा वेळा दाबा. दर वेळी पूर्ण आयत उजळला पाहिजे. एखाद्या वेळी जरी एक बाजू अंधारी राहिली तरी शटर गेलेलं समजा. ट्यूबलाइट किंवा एलईडीसमोर ही परीक्षा घेऊ नका, ते दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि भलतेच पट्टे दिसतात. मंद वेगांसाठी फोनचा स्लो मोशन पुरतो: २४० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये १/१५ चं शटर सुमारे १६ फ्रेम उघडं दिसायला हवं.

‘मीटरचा सेल तेवढा संपलाय’ हे वाक्यही लक्षात ठेवा. के-१००० च्या उजेड मोजणाऱ्या मीटरला एक एलआर-४४ सेल लागतो, घड्याळाच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळणारा. हजारोंचा कॅमेरा विकणारा तो घालून काटा हलताना दाखवत नसेल तर मीटर बंद आहे असंच धरून भाव करा. पाठीच्या दाराच्या कडेचा फोम बोटाने दाबून बघा. डांबरासारखा काळा चिकटला तर तो कुजलाय. हे काम स्वस्तात होतं, पण भाव ठरवताना बोलायला हवं. लेन्समध्ये मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी.

या सगळ्याच्या मुळाशी होते ते सुरुवातीचे देखणे फोटो. ‘याच कॅमेऱ्याने काढलेत’ म्हणून दाखवलेला एकही फोटो त्या कॅमेऱ्याचा नव्हता. काही तर फिल्मवरचेही नव्हते. नंतर नीट पाहिल्यावर कळलं की तलावाच्या रंगीत फोटोच्या काळ्या चौकटीवर ‘४०० टीएक्स’ छापलेलं आहे. टीएक्स म्हणजे ट्राय-एक्स, कृष्णधवल फिल्म! अ‍ॅपमधली तयार चौकट चिकटवताना बाबांचं एवढं राहून गेलं. दोन वेगळ्या फोटोंत उजव्या कोपऱ्यात अगदी तोच केस, तीच धूळ. फ्रेमचा आकडाही सगळीकडे एकच. प्रकाश झिरपल्याचे नारिंगी ओघळ चित्राच्या कडेला येऊन शिस्तीत थांबलेले. दाराच्या फटीतून खरा प्रकाश शिरतो तेव्हा तो चौकट ओळखत नाही, छिद्रांच्या पट्टीवरही पसरतो.

म्हणून विकत घेताना फोटो मागू नका, निगेटिव्ह मागा. पट्टी फोनच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवून, छिद्रांसकट, न कापता काढलेला फोटो, शेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव. त्याबरोबर पाठ उघडून समोरून काढलेला त्याच कॅमेऱ्याचा फोटो, ज्यात फिल्मची खिडकी, म्हणजे जिच्यातून प्रकाश फिल्मवर पडतो ती चौकट, स्पष्ट दिसेल. दोन्ही शेजारी ठेवून कडा जुळवा. प्रत्येक कॅमेऱ्याच्या खिडकीला कुठेतरी खाच, रंगाचा पोपडा, कोपऱ्याची कमी-जास्त गोलाई असते आणि ती प्रत्येक निगेटिव्हच्या कडेवर उमटते. चित्र खिडकीत उलटं पडतं, तेवढा हिशेब जुळवताना धरा. पट्टीतल्या निदान दोन फ्रेम १/१००० वर काढलेल्या असाव्यात. कडेवरचं फिल्मचं नाव वाचा, आकडे ११, ११ए, १२, १२ए असे पुढे सरकतायत का बघा. खरा विक्रेता फार तर कुरकुरतो, पण पट्टी दाखवतो. इथे कॅमेऱ्याच्या गिऱ्हाइकाने नंतर पट्टी मागितली तेव्हा उत्तर आलं, ‘निगेटिव्ह लॅबवाल्याने टाकून दिली.’

पैशांचं थोडक्यात. पार्सल उघडताना सील दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, जाहिरात आणि संभाषण लगेच जपून ठेवा, कारण तक्रारीची कुणकुण लागताच पलीकडून मेसेज पुसले जातात. पैसे परत करतो म्हणून कुणी क्यूआर पाठवला आणि पिन मागितला तर तिथेच थांबा, पैसे मिळवायला पिन लागत नाही. फसवणूक लक्षात येताच १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. ‘वस्तू दिली आहे, मग फसवणूक कसली’ असं ठाण्यात ऐकायला मिळू शकतं. तेव्हा जाहिरातीतलं ‘गोल्ड २००’ आणि निगेटिव्हवरचं ‘५२१९’ एकाच कागदावर छापून पुढे ठेवा.

ज्यांच्याकडे हे रोल अजून पडून आहेत त्यांनी ते फेकू नयेत. पण पुराव्यासाठी एक रोल डबीसकट बाजूला ठेवा. उरलेले दिवसा वापरायचे तर लेन्सवर ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर लावा आणि मीटर ३२० वर ठेवा. रात्री दिव्यांखाली फिल्टर काढून ५००. धुवायला पाठवण्याआधी लॅबला फोन करून ईसीएन-२ करता का हे विचारा. सोड्याने काळं सुटलं असेल तर पाकिटावर ठळक लिहा: ‘रेमजेट आहे, सी-४१ मध्ये टाकू नये.’ डबीवरचं गोल्डचं लेबलही मार्करने खोडा, नाहीतर काउंटरवरचा माणूस पाकीट फाडून डबी बघेल आणि सरळ यंत्रात घालेल.