क्लोनझिला: लिनक्स बसवण्याआधी अख्ख्या डिस्कची इमेज

लिनक्स वापरून बघायचंय, पण नाही जमलं तर आत्ताचं विंडोज सेटिंगसकट परत हवंय? मग फायली कॉपी करून भागत नाही, अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब प्रत, लागते. त्यासाठी क्लोनझिला उत्तम. मोफत आहे, तैवानच्या एनसीएचसी या संगणन केंद्रात तयार होतं आणि पेनड्राइव्हवरून थेट चालतं. दिसायला मात्र रूक्ष: बाण, स्पेसबार, एंटर, बस.

मेनूत 'डिव्हाइस-इमेज', मग 'लोकल-डेव्ह', बाह्य डिस्क, 'बिगिनर' आणि 'सेव्हडिस्क'. 'सेव्हपार्ट्स'च्या मोहात पडू नका. फक्त सी ड्राइव्ह घेतला की बूटची ईएफआय पार्टिशन मागे राहते. शेवटी इमेज तपासायची का, असं विचारतं. वेळ जातो, तरी 'हो' म्हणा. न तपासलेल्या इमेजच्या भरवशावर डिस्क पुसणं हा जुगार आहे.

क्लोनझिला डिस्कचे भरलेलेच ब्लॉक उचलून ते दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवत असल्यामुळे 512 जीबीच्या डिस्कवर 150 जीबी डेटा असेल तर इमेज सहसा त्याहून लहानच होते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं (कुलूपबंद करणारं) कवच, चालू असेल तर हे गणित कोलमडतं. आतलं काही वाचता येत नसल्याने सी ड्राइव्ह रिकाम्या जागेसह जसाच्या तसा उचलला जातो, आणि एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबलाही जात नाही. आधी बिटलॉकर पूर्ण बंद करून डिक्रिप्शन संपू द्या. नुसतं 'सस्पेंड' उपयोगाचं नाही. बिटलॉकर ठेवायचाच असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह केलेली की काय कामाची?

दुसरा अडथळा फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून असलेली सोय. त्यात विंडोज खरं बंदच होत नाही, एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम अर्धवट अवस्थेत राहते आणि क्लोनझिला एरर देऊन थांबतं. पॉवर ऑप्शन्समध्ये तो बंद करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

उणिवा आहेतच. इमेज परत टाकायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच लागते. इमेजमधून एखादीच फाइल काढणं किचकट आहे. त्यासाठी रेस्क्यूझिला बरं: माउसने चालतं आणि क्लोनझिलाच्या इमेज उघडतं. तरी कागदपत्रं, फोटो यांची साधी कॉपी वेगळी ठेवाच.

रिस्टोअर करताना डिस्क नावावरून नाही, आकार आणि मॉडेलवरून ओळखा. चुकीच्या डिस्कवरचं सगळं जातं. आणि लिनक्स बसवताना बॅकअपची डिस्क काढून ठेवा, म्हणजे इन्स्टॉलरच्या यादीत ती येणारच नाही.