माकडांसाठीचं आयएल-६ एलायझा किट : घ्या, पण आधी पडताळा

आयएल-६ हे शरीरात दाह झाला की वाढणारं प्रथिन; एलायझा किट ते रक्ताच्या नमुन्यात रंगाच्या गडदपणावरून मोजतं. डब्यावर ‘ह्यूमन/प्रायमेट’ छापलेलं दिसलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं आणि गफलत तिथेच होते. कंपनीने पडताळणी बहुधा ऱ्हीसस आणि सायनोमोल्गस माकडांवर केलेली असते. आपल्याकडे मात्र ढोबळमानाने तापीच्या उत्तरेला ऱ्हीसस, दक्षिणेला बोनेट ही दुसरी माकडजात. म्हणजे खान्देशातल्या प्रयोगशाळेत दोन्हींचा सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) येऊ शकतो. बोनेटचा असेल तर त्यात ठरावीक स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं आयएल-६) मिसळून बघा. मिसळल्याच्या ८० ते १२० टक्के परत मोजलं गेलं आणि दुप्पट, चौपट पातळ केल्यावर हिशेब जुळला, तरच आकड्यावर भरवसा ठेवा. आयएल-६ ला हे बहुधा जमतं. इंटरफेरॉन गॅमा या दुसऱ्या प्रथिनाचं ह्यूमन किट मात्र माकडावर चालेलच असं नाही.

किट नेहमीच्या सँडविच पद्धतीचं, म्हणजे दोन अँटिबॉडींच्या मध्ये आयएल-६ पकडणारं. १२ पट्ट्या, ९६ खाचा. सात स्टँडर्ड (१००० पासून निम्मे-निम्मे करत १५.६ पिकोग्रॅम/मिली) आणि ब्लँक (आयएल-६ नसलेला द्रव) जोडीने लावले की १६ खाचा जातात, उरलेल्यांत ४० नमुने जोडीने बसतात. निरोगी माकडाचं आयएल-६ पुष्कळदा १५.६ च्या खालीच असतं. अहवालात तिथे शून्य लिहू नका, ‘१५.६ पेक्षा कमी’ लिहा.

खरी डोकेदुखी उन्हाळ्याची. माहितीपत्रकातलं ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे १८ ते २५ अंश; मे महिन्यातली जळगावची खोली नव्हे. एसी नसेल तर कडेच्या खाचा आधी तापतात, सुकतात आणि मधल्यांपेक्षा वेगळा आकडा देतात. कूलरचा झोत प्लेटवर येऊ देऊ नका, प्रत्येक टप्प्याला सीलर (चिकट झाकण) लावा. टीएमबी हे रंग आणणारं रसायनही उष्णतेत झपाट्याने निळं होतं. १५ मिनिटं आंधळेपणाने मोजण्यापेक्षा सर्वांत वरच्या स्टँडर्डचा रंग पाहून, रंग चढणं थांबवणारं स्टॉप सोल्यूशन टाका आणि लगेच ४५० नॅनोमीटरवर वाचा. बाटलीतलंच टीएमबी निळसर दिसलं तर ते बाद.

ब्लँकचा आकडा चढला तर आधी धुण्यावर संशय घ्या : दर खाचेत ३०० मायक्रोलिटर, चार वेळा, आणि शेवटी प्लेट टिश्यूवर उलटी आपटायची. उलट सगळीच प्लेट फिकी आली तर बफरमध्ये किंवा नमुन्यात सोडियम अझाइड पडलंय का बघा. ते एचआरपीला, म्हणजे टीएमबीला रंग आणणाऱ्या एन्झाइमला, निकामी करतं.

मॅकाक माकडांत (ऱ्हीसस, बोनेट त्यातलेच) माणसाला जीवघेणा ठरू शकणारा बी-व्हायरस असू शकतो, म्हणून हातमोजे आणि बायोसेफ्टी कॅबिनेट हवंच.

मागवताना पार्सल सोमवारी निघेल असं पुरवठादाराला बजावा. शनिवारी निघालेलं रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडतं आणि जेल पॅकचं कोमट पाणी होऊन पोचतं. उरलेल्या पट्ट्या सिलिका पुडीसकट बंद पाकिटात २ ते ८ अंशांवर ठेवा. पातळ केलेला स्टँडर्ड मात्र त्याच दिवशी फेका.